लेला: आधी उभ्याने, मग बसून

इंग्लिश रॉक गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचं ‘लेला’ मी आधी ‘अनप्लग्ड’ या त्याच्या अकूस्टिक मैफलीच्या कॅसेटवर ऐकलं, मूळ गाणं नंतर. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांचं असंच झालं असणार. त्यामुळे ‘लेला’ म्हणजे खुर्चीत बसून निवांत म्हणायचं गाणं, अशीच समजूत होती.

मूळ गाण्यात निवांत काहीच नाही. १९७० साली क्लॅप्टन जिवलग मित्राच्या, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या, बायकोच्या प्रेमात आकंठ बुडाला होता. तिचं, पॅटी बॉइडचं, नाव उघड घ्यायची सोय नव्हती. फारसी कवी निजामीची लैला-मजनूची कथा वाचनात आली आणि लैलाच्या, म्हणजे ‘लेला’च्या, नावाचा आडोसा मिळाला. मायामीत क्लॅप्टनच्या तेव्हाच्या बँडचं, डेरेक अँड द डॉमिनोजचं, रेकॉर्डिंग चालू असताना ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन येऊन मिळाला. सुरुवातीची ती झपाटलेली सुरावट त्याची. ब्लूज गायक-गिटारवादक अल्बर्ट किंगच्या एका संथ ब्लूजमधली ओळ उचलून त्याने ती भरधाव सोडली.

गाण्याच्या शेवटचा पियानो बँडचा ड्रमर जिम गॉर्डनचा, काही आठवड्यांनी जोडलेला. मिक्सिंगमध्ये तिथे टेपचा वेग थोडा वाढवला, म्हणून तो तुकडा सी आणि सी शार्प या लागोपाठच्या सुरांच्या मधेच लटकतो. ट्यूनरवर गिटार चोख लावून सोबत वाजवून बघा, सगळं कणसूर लागतं. मी सरळ तारा किंचित चढवतो.

गाणं कापून छोटं करून काढलेली सिंगल (एका गाण्याची रेकॉर्ड) १९७१ मध्ये पडली. पुढच्या वर्षी पूर्ण गाणं काढलं, ते अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. तोवर ऑलमन मोटरसायकलच्या अपघातात गेला होता.

क्लॅप्टन-पॅटीचं लग्न १९७९ मध्ये झालं, दहा वर्षांनी मोडलं. मग जानेवारी १९९२ मध्ये, इंग्लंडातल्या ब्रे स्टुडिओत ‘अनप्लग्ड’ रेकॉर्ड होताना, ‘ओळखा पाहू’ अशा थाटात त्याने हेच गाणं सुरू केलं. वेग उतरवला, ठेका झुलता केला, शेवटचा पियानो गाळून टाकला. माझा एक मित्र याला ‘हॉटेलच्या लॉबीतलं लेला’ म्हणतो. मला नाही पटत. जिच्यासाठी आकांत केला ती मिळाली, संसार झाला, मोडला. आता तीच विनवणी त्याच आवाजात कशी करणार? बावीस वर्षं जुन्या गाण्याला सर्वोत्तम रॉक गाण्याचं ग्रॅमी, तेही निर्वाणा या तेव्हाच्या नव्या रॉक बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ला डावलून, हे मात्र जरा अतीच झालं.

‘अनप्लग्ड’मध्ये पियानोवर चक लीव्हल आहे. ऑलमन गेल्यावर १९७२ मध्ये हाच ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये दाखल झाला होता. पुढच्या वेळी गिटार सोडून फक्त त्याचा हात ऐका.