किती फूट?

जुलै लागला की बाबांना फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "किती फूट?" तब्येत, जेवणखाण सगळं नंतर. इकडे जर्मनीत, कलोनमध्ये, मी सकाळचा चहा टाकतो तेव्हा कोल्हापुरात अकरा वाजत आलेले असतात आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बाबांना तोंडपाठ असते. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. आमच्याकडे शाळकरी पोरालाही हे दोन आकडे पाढ्यासारखे येतात.

यंदा सुट्टी पावसाळ्यात मिळाली. घरी पोचून चार दिवस झाले होते. सकाळपासून कोसळणारा पाऊस पाचच्या सुमारास जरा उघडला, तसे बाबा चप्पल घालत म्हणाले, "चल, पाणी बघून येऊ."

पंचगंगेला पाणी आलं की आम्ही ते बघायला जातो. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन येतात, बायका भाजीची पिशवी हातात घेऊन थांबतात. लहानपणापासून मला पावसाळ्यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

वाटेत गंगावेशीत थांबायचंच. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, पाठीवरून पावसाचं पाणी निथळत होतं. गवळ्यानं कास धुतली, बादलीत चार धारा वाजल्या आणि पुढच्या मिनिटाला ग्लास माझ्या हातात. वर दोन बोटं फेस, ग्लास म्हशीच्या अंगाइतका उबदार. "फेस बसायच्या आत पी," बाबा म्हणाले. मी दहावीत होतो तेव्हाही हेच म्हणायचे. कलोनच्या दुकानात दूध पंधरा तऱ्हेचं मिळतं, पण ती ऊब कुठल्याच बाटलीत नाही.

घाटावर निम्म्याहून जास्त पायऱ्या पाण्यात होत्या. खालच्या देवळांचे नुसते कळस वर. पाणी तांबडं, दाट, मधूनच एखादं ओंडकं किंवा केंदाळाचा पुंजका फिरत जाणारा. बाबांनी विटेचा एक तुकडा उचलला आणि पाण्याच्या कडेला, बरोबर ओल संपते तिथं ठेवला. मग आम्ही उभे राहिलो. शेजारचे एक काका म्हणाले, "राधानगरीचे दोन दरवाजे उघडलेत." लगेच हिशेब सुरू. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे दोनाचे किती, ते इथवर यायला किती तास. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या त्या धरणाचे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, हे सांगताना त्या काकांचा आवाज घरातल्या माणसाचं कौतुक सांगावं तसा झाला. दहा मिनिटांनी विटेचा तुकडा ओला झाला. "वाढायलंय," बाबा हळूच म्हणाले.

त्या एका शब्दानं पोटात गोळा येतो. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जयंती नाल्यातून ते उलटं शहरात शिरलं, आणि शाहूपुरीतल्या माझ्या काकीच्या घरी देव्हाऱ्यापर्यंत आलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, उपसा केंद्रं बुडालेली, त्यामुळे चारी बाजूंना पाणी आणि नळ कोरडे. मी इकडे रात्रभर फोन लावत बसलो होतो, काकीचा लागत नव्हता. दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तेच. काकीनं आता कपाटं विटांवर ठेवली आहेत. नदी पूर्वी जिथं पसरायची त्या जागांवर भराव पडले, इमारती उभ्या राहिल्या. पूररेषेच्या आत बांधायला परवानग्या मिळत राहिल्या याचा मला मनापासून राग आहे. ज्या गावाला नदीचा फूट न् फूट पाठ आहे, त्या गावात हे व्हायला नको होतं.

इथं कलोनला ऱ्हाईनच्या काठी पातळी दाखवणारं एक घड्याळ आहे. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा डेसिमीटर. १९९५ च्या जानेवारीत ते पाणी १०.६९ मीटरवर गेलं होतं. पाणी वाढलं की ठरलेल्या पातळीला जहाजं थांबवतात आणि काठावर सुट्या भागांच्या भिंती उभ्या करतात. पहिल्यांदा त्या घड्याळासमोर उभा राहिलो तेव्हा मला बाबांच्या विटेच्या तुकड्याची आठवण झाली. तेव्हापासून ऑफिसमधून येताना मी तिथूनच येतो.

काल फोन केला. बाबा म्हणाले, "एकतीस. उतरायलंय." मग आवाज मोकळा झाला. "तुमच्या नदीला किती?"

"दोन मीटर नव्वद."

पलीकडे क्षणभर शांतता, बाबांचा गुणाकार चाललेला. "म्हणजे साडेनऊ फूट. मग पायऱ्या दिसत असतील सगळ्या."

"दिसतात, बाबा."

"बघून ये की मग."