गिअर पडेना, पण गिअरबॉक्स उतरवला नाही

चैत्रात उन्हाळ कांदा घेऊन लासलगावला गेलो होतो. लिलावाच्या रांगेत गाडी दहा-पंधरा फूट पुढे घ्यायची, थांबायचं, पुन्हा पुढे घ्यायची. तिथेच मागच्या ट्रॅक्टरला वळायला जागा द्यावी म्हणून रिव्हर्स टाकायला गेलो, तर क्लच पुरता दाबलेला असूनही खालून करकर आवाज आला आणि गिअर पडेना. शेवटी इंजिन बंद केलं, बंद गाडीत रिव्हर्स टाकला आणि क्लच दाबूनच चावी मारली. पाय क्लचवर तसाच असताना गाडी मागे सरकायला लागली. सगळ्यात मोठा पुरावा तोच होता, पण कांद्याच्या भावाच्या विचारात तो माझ्या हातून निसटला.

गाडी २००८ ची. कांदा, टोमॅटो, द्राक्षाचे क्रेट, खताच्या गोण्या, सगळं तिनेच वाहिलेलं आहे. तसं पाहिलं तर दोन-तीन महिन्यांपासून दुसरा गिअर जड जात होता. मी जोर लावून टाकत राहिलो. जुनी गाडी म्हटल्यावर असंच चालायचं, असं धरून चाललो. त्याचं नुकसान पुढे येतंच.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, आतल्या रिंगा. पंचवीसेक हजार धरून चला." कांदा अजून निम्मा शेतात होता. मी गाडी घरी आणली आणि मामांना फोन केला. मामा तीस वर्षं ट्रकवर होते, कसारा घाट त्यांनी किती वेळा उतरला असेल त्याला मोजदाद नाही.

मामांनी आल्या आल्या बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "गाडी बंद ठेव आणि सगळे गिअर टाकून दाखव."

पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्ससुद्धा, सगळे सहज पडले.

"आता चालू कर." चालू केल्यावर पहिला अडला आणि रिव्हर्स करकरला. "आता क्लच तीन-चार वेळा भराभर मार आणि लगेच टाक." पडला!

"मग गिअरबॉक्स कशाला उतरवतोस बाळा? क्लच सुटत नाहीये."

त्यांनी समजावलं ते असं. बंद गाडीत आतलं काही फिरत नाही, म्हणून गिअर पडतात. दांडा, बुश किंवा फोर्क बिघडला असता तर बंद गाडीतही अडले असते. चालू गाडीत क्लच दाबला की प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटायला हवी. ती जराशी जरी घासत राहिली, तरी गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट फिरत राहतो. माझ्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे वेग जुळवणारी पितळी रिंग, नाही, त्यामुळे तो सगळ्यात आधी ओरडतो. बाकीच्या गिअरमधल्या पितळी रिंगांचं काम शाफ्टचा वेग जुळवून घेण्याचं. इकडे इंजिन शाफ्टला ढकलत असताना तिकडे त्या बिचाऱ्या त्याला आवरत बसतात आणि झिजतात.

"पण मामा, क्लचची टाकी तर काठोकाठ भरलेली आहे. खाली कुठे ओलही नाही." हे मी आधीच बघून ठेवलं होतं आणि याच कारणाने क्लचच्या ऑइलचा विषय डोक्यातून काढला होता.

मामांनी मला गाडीखाली घातलं. चाकांना पुढून-मागून दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. धाकट्या मुलीला क्लचवर बसवलं. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं ऑइल खालच्या सिलिंडरात ढकललं जातं आणि त्याचा रॉड पुढे येऊन क्लच सोडवतो. तो रॉड मला दिसत होता. तिने क्लच दाबला, रॉड पुढे आला. "तसाच धरून ठेव," मामा म्हणाले. मी रॉडकडे बघत राहिलो. अर्ध्या मिनिटात तो सावकाश मागे यायला लागला, तिचा पाय मात्र तळालाच होता.

म्हणजे ऑइल बाहेर गळत नव्हतं, वरच्या मास्टर सिलिंडरच्या आतच रबरी वॉशरला बगल देऊन परत टाकीत जात होतं. म्हणून टाकीची पातळी उतरत नव्हती. म्हणूनच रांगेत क्लच दाबून थांबलं की जास्त त्रास, आणि भराभर मारला की गिअर पडे.

आधी नुसत्या रबरी वॉशरच्या किटने भागवायचं ठरवलं. ते आठ दिवस टिकलं. पुन्हा खोलल्यावर बोट फिरवलं तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला रेघ पडलेली लागली. नवीन वॉशरलाही तीच रेघ कापत होती. अख्खा मास्टर सिलिंडर बदलला. पेडलचा रॉड आणि पिस्टन यांच्यात केसभर मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर ऑइल परत जायची वाट बंद राहते आणि क्लच घसरायला लागतो. मग हवा काढली. खालच्या सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मुलगी दाबून धरायची, मी निप्पल सैल करायचो, बुडबुडे गेले की आवळायचो, मग तिने पाय सोडायचा. सोळा-सतरा वेळा झालं. यात डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलच घालायचं. इंजिन ऑइल घातलं की रबर फुगतं. आणि ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

रिव्हर्स सुरीने लोणी कापावं तसा पडला.

दुसरा गिअर मात्र तिसऱ्यावरून खाली घेताना अजून खरखरत होता. गिअर ऑइल काढलं. आधी भरायचा नट सुटतो का ते पाहिलं, कारण तो जाम असेल तर काढलेलं ऑइल परत भरणार कुठून? ऑइल काळं होतं आणि काढायच्या नटाच्या चुंबकावर बारीक लोखंडी कीस होता. तुकडा मिळाला नाही, हे बरं झालं. पितळ चुंबकाला धरत नाही, ते ऑइलमध्येच सोनेरी चमकत होतं. त्या माझ्या रिंगा. पुस्तकात सांगितलेलं ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ भरलं. दुकानदार जीएल-५ देत होता, भारी म्हणून. मी घेतलं नाही. ते डिफरन्शिअलच्या दातांसाठी चांगलं, पितळी रिंगांना मात्र जास्त निसरडं पडतं आणि काही प्रकार पितळ खातातही.

खरखर निम्म्याने कमी झाली, गेली नाही. झिजलेली रिंग ऑइलने परत येत नाही. दोन महिने जोर लावला नसता तर ती वाचली असती, याची मला अजून रुखरुख आहे.

आता उतारावर मी मामांनी शिकवलेला दुहेरी क्लच वापरतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा रेस, पुन्हा क्लच आणि दुसरा. गेल्या आठवड्यात पंचवीस क्विंटलऐवजी पंधराच भरून पिंपळगावला जाऊन आलो. भुईकाट्यावर रिव्हर्स घेताना मामा शेजारीच बसले होते. कान खालीच होते त्यांचे.