एका ठिपक्याचे वेध

शाळेत विज्ञानाच्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम ठरलेला असे. लघुग्रहांच्या संशोधनात इतकी वर्षे गेली, तरी माझ्या नोंदवहीची मांडणी आजही तीच आहे. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी त्यातलाच एक प्रयोग लिहितो. आज प्रयोगशाळेतल्या त्या टेबलांशी उभ्या असलेल्या मुलामुलींनी तो वाचावा, ही मनापासून इच्छा.

उद्देश एवढाच: लघुग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतो? मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक लघुग्रह ठिपक्यासारखेच दिसतात. पण बटाट्यासारखा लांबट लघुग्रह फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो, कधी टोक, त्यामुळे एका फेरीत त्याचा प्रकाश साधारण दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. हा चढउतार 0.4 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे खगोलातले माप) असेल, तर लांबी रुंदीच्या निदान 1.4 पट आहे असे ढोबळमानाने धरता येते.

कृती सूर्यास्तालाच सुरू होते. संधिप्रकाशातल्या आकाशाची ‘फ्लॅट’ चित्रे घ्यायची, म्हणजे काचेवरची धूळ आणि पिक्सेलांची कमीजास्त संवेदनशीलता नंतर भागून काढता येते. कॅमेऱ्याची मोजणी 65,535 ला संपते. फ्लॅट 20 ते 30 हजारांवर ठेवायचे आणि दर चित्रागणिक दुर्बीण किंचित सरकवायची; मध्यक काढला की मध्ये आलेले तारे गळून पडतात. आपल्या अक्षांशावर अंधार झपाट्याने पडतो, त्यामुळे ही वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची असते. ती हुकली तर रात्रभराच्या मोजमापात खोट राहते.

एक्स्पोजर किती द्यायचे, हे लघुग्रहाच्या चालीवर ठरते. मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या समोरच्या बाजूला असताना, मिनिटाला साधारण अर्धी विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) सरकतो. वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका दीड-दोन विकला पसरलेला असतोच, म्हणून दोन मिनिटे चालून जातात. पृथ्वीजवळून जाणाऱ्याला मात्र काही सेकंदच, नाहीतर ठिपक्याची रेघ होते. 10,000 फोटॉन मिळाले तर त्यात 100 ची अनिश्चितता, म्हणजे 1 टक्का. ती निम्मी करायला चौपट प्रकाश लागतो.

मोजताना त्याच चित्रातल्या चार-पाच ताऱ्यांशी तुलना करायची. ते सूर्यासारख्या रंगाचे निवडावेत, कारण लघुग्रहाचा प्रकाश सूर्याचाच परावर्तित प्रकाश असतो. निळसर तारा घेतला, तर क्षितिजाकडे कलताना तो जास्त मंदावतो आणि लघुग्रहच उजळतोय असे भासते. एखादा अंधुक तारा मोजणीच्या वर्तुळात शिरला तर आलेखावर खोटा उंचवटा येतो. प्रत्येक चित्र डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

सगळ्यांत फसवे असते घड्याळ. खगोलातला ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, जागतिक वेळेच्या दुपारी 12 ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे भारतातली अख्खी रात्र एकाच दिनांकात बसते. ही मोठी सोय. पण संगणक भारतीय वेळेवर आणि नोंद जागतिक वेळेची समजली गेली, तर साडेपाच तासांची चूक शिरते. एका रात्रीचा आलेख तरीही सुबकच दिसतो. दुसऱ्या वेधशाळेची निरीक्षणे जोडली की विसंगती उघडी पडते. नोंद एक्स्पोजरच्या मध्याची हवी, आणि पृथ्वी-सूर्य अंतराएवढे अंतर कापायला प्रकाशाला 499 सेकंद लागतात; त्या हिशेबाने लघुग्रहापासून प्रकाश यायला लागलेला वेळही वजा करायचा.

फेरी 8 किंवा 12 तासांच्या आसपास असेल, तर एकाच ठिकाणाहून रोज जवळपास तोच भाग दिसत राहतो. मग वेगळ्या रेखांशावरची साथ लागते. ऑस्ट्रेलिया-जपान आणि युरोप यांच्या मधल्या वेळात आपल्या हानले (लडाख), कावलूर (तामिळनाडू), गिरवली (पुण्याजवळ) इथल्या वेधशाळांचे वेध मोलाचे ठरतात. पावसाळ्यात मात्र गिरवलीची रात्र ढगांत जाते.

ही मोजणी किती दूर पोचते ते 2022 मध्ये दिसले. 26 सप्टेंबरला नासाचे डार्ट यान सुमारे 160 मीटरच्या डायमॉर्फस या उपग्रहावर मुद्दाम आदळवले. तो 780 मीटरच्या डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरतो, आणि दुर्बिणीत दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. आधी डिडिमॉसच्या स्वतःभोवती 2.26 तासांत फिरण्याचा चढउतार वजा करायचा. मग डायमॉर्फस पुढून किंवा मागून जाताना पडणारे लहानसे खळगे उरतात. आघातातून उडालेल्या धुळीचा प्रकाशही त्याच ठिपक्यात मिसळला होता, त्यामुळे खळगे आणखी उथळ झाले. मोहीम यशस्वी मानायला डायमॉर्फसच्या डिडिमॉसभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वेळेत 73 सेकंदांचा फरक पुरेसा होता. वेधांतून निघालेला आकडा: 11 तास 55 मिनिटांची प्रदक्षिणा 11 तास 23 मिनिटांवर आली, 32 मिनिटे कमी, अनिश्चितता 2 मिनिटे.

अनुमानाच्या रकान्यात एवढी एकच ओळ जाते.