चार अंशांचा पाक

रावपुऱ्यातल्या काकूंनी डोहाळजेवणाची ऑर्डर दिली. सुनेला सातवा महिना लागला होता आणि तिला डोहाळे लागले होते चॉकलेट कुकीचे, तेही आतून मऊ कॅरॅमल निघणाऱ्या. "ओटी, फुलांची वाडी सगळं रीतीप्रमाणे होईल गं, पण ताटात तिच्या मनातलं हवं. १२० कर. अंडं मात्र नको, शेजारची सगळी मंडळी येणार आहेत."

बडोद्यात घरून बेकिंग करायचं तर बिनअंड्याचं जमावंच लागतं. पण पोटात कॅरॅमल भरलेल्या कुकीत अंड्याची उणीव फार जाणवते. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने आवळतात आणि कुकीला धरून ठेवतात. ती नसली की पीठ ओव्हनमध्ये आधी सैल पडतं, पसरतं आणि मग हळूहळू घट्ट होतं. त्या मधल्या काही मिनिटांत आतलं कॅरॅमल जागेवर राहायला हवं. म्हणून मी घट्ट दही घालून पीठ मळते, ते तासभर फ्रिजमध्ये ठेवते आणि कॅरॅमलचे तुकडे फ्रीझरमध्ये कडक करून मगच भरते.

कॅरॅमल आदल्या रात्रीच केलं होतं. ६०० ग्रॅम साखर तांबूस होईपर्यंत वितळवली, त्यात गरम क्रीम, लोणी, चिमूटभर मीठ आणि पाकात कणी धरू नये म्हणून लिक्विड ग्लुकोज. थर्मामीटरवर ११८ अंश दिसले तसा गॅस बंद केला. जुलैचा पाऊस लागलेला होता. अशा हवेत कॅरॅमल ओलावा ओढून घेतं, म्हणून तुकडे बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले होते.

सकाळी साडेनऊला पहिल्या २४ कुकीज ओव्हनमध्ये गेल्या, १७० अंशांवर. कोकोच्या पिठाचा रंग मुळात काळा, भाजलेलं डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे मी घड्याळाकडेच बघत होते. आठव्या मिनिटाला माझी मदतनीस काचेपाशी वाकली आणि ओरडली, "बेन, आ तो फाटी गयुं!"

१७ कुकीज फुटल्या होत्या. कॅरॅमल बटर पेपरवर पसरून कडेने करपत होतं. पाच वाजता डोहाळजेवण, आणि माझ्या हाताशी एकही धड ट्रे नाही. माझे हात अक्षरशः गार पडले. गर्भारशी मुलीने मनापासून मागितलेली गोष्ट होती ही. दुकानातून आणून भागणार नव्हतं.

आधी वाटलं, कुकीज नीट बंद झाल्या नसतील. म्हणून पुढच्या चार स्वतः वळल्या, तळाला पीठ जाड ठेवलं, चिरेचा मागमूस राहू दिला नाही. त्यातल्या तीन फुटल्या. मग ओव्हनवर संशय घेतला, पण त्याच ओव्हनमध्ये कालच नानकटाई उत्तम झाली होती.

सासूबाई देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात आल्या. ट्रे पाहिला, काही बोलल्या नाहीत. डब्यातला कॅरॅमलचा एक तुकडा चिमटीत धरला. तो फ्रीझरमधून काढून पाच मिनिटंही झाली नसतील, तरी बोटांत दबला. "हा पाक कुठला केलास?"

"गोळीबंद, आई. ११८ अंश."

"हा गोळीबंद नाही."

त्यांनी कढल्यात दोन तुकडे वितळवले आणि वाटीभर गार पाण्यात थेंब सोडला. गोळी झाली, पण बाहेर काढल्याबरोबर बोटावर चपटी होऊन ओघळली. गोळीबंद पाकाची गोळी आकार धरते. माझी नजर थर्मामीटरकडे गेली. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि त्यात तो बुडवला. बडोदा काही डोंगरावर नाही, इथे पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळतं. काटा १०४ वर जाऊन थांबला.

म्हणजे रात्री मी ११८ समजून ११४ वर गॅस बंद केला होता. चार अंश ऐकायला काहीच नाहीत, पण पाकाचं तापमान चढतं ते त्यातलं पाणी आटत जातं म्हणून. माझ्या पाकात जास्तीचं पाणी राहिलं होतं. गार असताना त्याचे तुकडे पडले, ओव्हनमध्ये मात्र त्याचा रस झाला आणि पीठ आवळायच्या आधीच तो वाट काढून बाहेर आला.

कॅरॅमल टाकून द्यावं लागलं नाही, हे नशीब. सगळे तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात घातले, दोन चमचे क्रीम टाकून मंद आचेवर वितळवले आणि पुन्हा आटवले. यावेळी काटा १२२ पर्यंत जाऊ दिला. शेजारी आई वाटीत पाणी घेऊन उभ्या होत्या. ११६ ला थेंब टाकला, ११९ ला टाकला. १२२ ला त्यांनी गोळी उचलली, दोन बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "आता उतरव."

तासभर फ्रिज, कापणं, पाऊण तास फ्रीझर. एक वाजता पहिला नवा ट्रे आत गेला. आम्ही तिघी ओव्हनसमोर उभ्या होतो, कुणी बोलत नव्हतं. अकरा मिनिटं. एकही फुटली नाही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं ट्रेला हात लावू दिला नाही, कारण गरम असताना उचललं की तळ फाटतो.

साडेचारला मी स्वतः डबे घेऊन रावपुऱ्यात गेले. हिरव्या साडीतली ती मुलगी फुलांच्या वाडीत बसली होती, अजून ओटीही भरली नव्हती. काकू म्हणाल्या, "दे गं तिला एक, कधीची वाट बघतेय." तिने कुकी मधोमध मोडली. दोन तुकड्यांमध्ये कॅरॅमलची लांब तार आली, ती तिने बोटावर गुंडाळून घेतली आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर थर्मामीटरच्या डबीवर 'वजा ४' अशी चिठ्ठी चिकटवली. पाण्याची वाटी आईंनी गॅसच्या ओट्यावरच ठेवली होती.