इंग्रजी शब्द तोडायचा कुठे?

इंग्रजी शिकवते म्हटल्यावर पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, स्पेलिंगसाठी शब्द तोडून म्हणायला सांगतात. पण तोडायचा कुठे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी कशासाठी तोडताय ते ठरवा. बोलायला तोडलेला शब्द आणि लिहायला तोडलेला शब्द यांचे तुकडे बरेचदा वेगळे पडतात.

बोलताना अक्षरं मोजू नका, स्वर ऐका. 'स्ट्रेंग्थ'मध्ये इंग्रजी अक्षरं आठ, सिलॅबल, म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा, एकच. 'एरिया'त अक्षरं चार, सिलॅबल तीन. 'कम्फर्टेबल'मध्ये आपण उगाच टेबल मांडतो. इंग्रज ते 'कम्फ-ट-बल' असं तिनात उरकतो. लिहिताना मात्र गिळलेलं सगळं परत काढावं लागतं. ओठांवर 'वेन्झडे', मनात 'वेड-नेस-डे'. मुलांना हा चोरटा उच्चार फार आवडतो.

खरी गंमत डबल अक्षरांची. 'रायटिंग'ला एक टी, 'रिटन'ला दोन, असं का? 'राय' हा तुकडा स्वरावरच सुटतो, म्हणून तिथला आय स्वतःचं नाव उच्चारतो, 'टायगर'मध्येही तेच. 'रिट'चं दार टीने बंद केलं, की आय आखूड होतो. वृत्तांमध्ये जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, इथे डबल टीआधीचा स्वर उलट आखडतो. आणि टी दोन लिहिले तरी उच्चारायचा एकच, 'पक्का'तल्या क्कसारखा आघात नको. नियम पक्का नाही म्हणा. 'लेमन' आणि 'हॅबिट' एकाच अक्षरावर भागवतात.

तोडूनही न सुटणारी अडचण म्हणजे जोर नसलेला सिलॅबल. त्यातला स्वर विरघळून 'अ'सारखा होतो. 'ग्रॅमर'च्या शेवटी ए-आर की ई-आर, हे कानाला कळणारच नाही. अशा वेळी शब्दाचं भावंड शोधावं. 'ग्रॅमॅटिकल' म्हटलं की जोर पुढे सरकतो आणि लपलेला ए स्वच्छ ऐकू येतो. 'कॉम्पिटिशन'मधला ई 'कम्पीट'मध्ये सापडतो. घोकंपट्टीपेक्षा मला हे जास्त पटतं.

राहिले डिक्शनरीतल्या शब्दामधले ठिपके. ते ओळ संपताना शब्द कुठे मोडता येईल हे दाखवतात, उच्चार नव्हे. त्यातही एकमत नाही: 'नॉलेज' मोडताना अमेरिकन पद्धत एल आधीच्या तुकड्यात ठेवते, तर जुनी ब्रिटिश पद्धत 'नो' (जाणणे) हा मूळ शब्द अख्खा ठेवून एल पुढे ढकलते. उच्चार हवा असेल तर तिरक्या रेघांच्या आत बघा. तिथे वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ती ज्या सिलॅबलच्या आधी, जोर त्यावर.