सर्कोस्पोरिन: अंधारात नुसता रंग, उजेडात विष

सोयाबीनच्या बियाण्यात जांभळे डाग पडलेले दाणे अनेकांनी पाहिले असतील. तो रंग सर्कोस्पोरा किकुची या बुरशीच्या सर्कोस्पोरिन या रंगद्रव्याचा. १९५७ साली कुयामा आणि तामुरा यांनी याच बुरशीतून तो वेगळा केला.

हा लाल रेणू ४७३ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड भरपूर शोषतो. शोषलेली ऊर्जा तो ऑक्सिजनला देतो, त्यातून सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं, फार क्रियाशील रूप, तयार होतो; थोडा सुपरऑक्साइडही (तोही क्रियाशीलच). स्वतः मात्र मूळ स्थितीत येऊन पुन्हा तेच करायला मोकळा. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, त्यामुळे जन्मतो तिथेच घाव घालतो. आणि स्निग्धात विरघळणारं सर्कोस्पोरिन मुरतं नेमकं झाडाच्या पेशीपटलात. तिथली असंतृप्त मेदाम्लं ऑक्सिडाइज होतात, पटल ताठर होऊन गळू लागतं. बाहेर झिरपलेली साखर आणि क्षार बुरशीला आयतेच मिळतात.

ही गळती मोजता येते. पानाच्या १० मिमीच्या दहा-दहा चकत्या कापा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा. कापलेल्या कडांतून आलेले क्षार राहिले तर सगळे आकडे फुगतात. मग २० मिली पाण्यात ठेवा. विष अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून १० मायक्रोमोलर होईल इतकं घाला. अ‍ॅसिटोन १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. ठरावीक वेळाने पाण्याची विद्युतवाहकता मोजा (क्षार जितके जास्त झिरपतात तितकी ती वाढते), शेवटी चकत्या २० मिनिटं उकळून एकूण क्षार मोजा आणि गळती त्याच्या टक्क्यांत काढा.

बश्या चार हव्यात: विष-उजेड, विष-अंधार, नुसतं अ‍ॅसिटोन-उजेड, नुसतं अ‍ॅसिटोन-अंधार. प्रयोग फसतो तो बहुतेक अंधाराच्या बशीत. मोजताना डोक्यावरची ट्यूबलाइट चालू राहिली की तिथेही गळती सुरू होते आणि ‘विष अंधारातही चालतं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बशीला फॉइल गुंडाळा, मोजणी मंद लाल दिव्यात करा. दिव्याची उष्णताही पटल गळवते, म्हणून चारही बश्यांचं तापमान सारखं ठेवा.

मग बुरशी स्वतः कशी वाचते? आपल्या तंतूंत ती हे विष क्षपणित (जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या) रूपात ठेवते, ज्यातून सिंगलेट ऑक्सिजन फारच कमी निघतो. शिवाय वाहक प्रथिनं ते बाहेर फेकतात. सिंगलेट ऑक्सिजन शमवणारं जीवनसत्त्व बी-६ ही आणखी एक ढाल. झाडाकडेही तो शमवणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं आहेत, पण ती मुख्यतः हरितलवकात; हल्ला होतो बाहेरच्या पटलावर.