मळ्यातला चर आणि एडिंबरोची ट्राम

पणजीत मळा नावाच्या वस्तीत हिच्या मावशींचं घर आहे. दारात बाल्कांव, दोन बाजूंना बसायला सिमेंटचे कट्टे, मधे तीन पायऱ्या. यंदा पायऱ्या संपल्या की लगेच दीड मीटर खोल चर होता. रात्रभराच्या बसने आंबलेली अंगं घेऊन आम्ही सकाळी सहाला पोचलो, तर रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच हात वर केले. चरावर एक फळी टाकलेली होती. तिच्यावरून आधी बॅगा गेल्या, मग ही, मग मी. मावशी वरून सूचना देत होत्या. "उजवीकडून या, डावीकडे ती हलते."

तेवढ्यात पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, आला. भोंग्याचा पोंऽ पोंऽ आवाज आधी, माणूस मागून. सायकल त्याने पत्र्याला टेकवली आणि चराच्या पलीकडूनच उभा राहिला. मावशींनी दोरीला बांधलेली पिशवी भिरकावली, त्याने ती झेलली, सहा उंडे पाव टाकले, मावशींनी ओढून घेतली. दोघांचा हात इतका बसला होता की हे किती महिने चाललंय ते विचारायची गरज पडली नाही.

सहलीचं निमित्त मंगेशीचा अभिषेक. तो व्यवस्थित झाला, प्रसाद उत्तम होता, त्यावर अधिक लिहीत नाही. माझा जीव त्या चरात अडकला होता. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात माझी एकतीस वर्षं गेली. ही म्हणते, तुम्हाला ताजमहालाला नेलं तरी आधी गटार कुठून जातं ते बघाल. खोटं नाही.

चहा झाल्यावर खाली उतरलो. वर पेव्हर, त्याखाली डांबराचे दोन थर, मग चिऱ्याची तांबडी खडी. कमरेएवढ्या खोलीवर विजेची केबल, तिच्यावर धोक्याची खूण म्हणून ठेवलेल्या विटा. बाजूला टेलिफोनचा जुना डक्ट. त्याखाली बिडाची पाण्याची लाईन, गंज चढून झाडाच्या सालीसारखी झालेली. अजून खाली भाजलेल्या मातीचे सांडपाण्याचे पाइप, आणि तळाला काळा, मऊ चिखल. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, वास येणारा. त्यातून पाणी झिरपत होतं आणि पंप ते उपसत होता. दुपारी बारानंतर पाणी वाढलं तेव्हा लक्षात आलं की औरेंच्या खाडीला भरती लागली आहे. चराचा तळ आणि समुद्र यांची अजून बोलाचाल आहे.

त्यात नवल नाही. पणजी मुळात दलदलीतून वर काढलेलं गाव. मांडवीच्या काठी जुन्या गोव्याची रया गेली, साथींनी माणसं पळाली आणि कारभार हळूहळू इकडे सरकला. १८२६ ते १८३५ या काळातल्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या गव्हर्नरने भराव टाकून रस्ते आखले. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १६३३-३४ मध्ये, रायबंदर आणि पणजी जोडणारा चिऱ्यांच्या कमानींचा लांबलचक बांध घातला गेला, पोंत द लिन्यारिश. आजही त्याच्यावरून बसगाड्या जातात. तो बांध बघून मी नेहमी मनातल्या मनात टोपी काढतो. असो.

चरावर देखरेख करणारा सुपरवायझर चंदगडकडचा पोरगा होता. "नकाशा आहे का?" विचारलं, तर त्याने मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं. त्यात तीन लाइनी होत्या. मी चरात पाच मोजल्या होत्या. तो हसला. "साहेब, उरलेल्या दोन कुणाच्या ते आम्ही पण विचारतोय."

संध्याकाळी हे काकांना सांगितलं. काका म्हणजे मावशींचे यजमान, वय ब्याऐंशी. गोवा मुक्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी शिकायला मुंबईला गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली तेव्हा ते गर्दीत होते. आत शिरता आलं नाही, थोडं अंतर बाजूने पळत गेले, एवढीच त्यांची कमाई. पण ट्रामवरचं प्रेम तेव्हापासूनचं. "ह्या मोटारींनी पणजी खाल्ली," ते म्हणाले. "कदंबच्या बसस्टँडपासून मिरामारपर्यंत ट्राम घाला, सगळा प्रश्न मिटला. तुमच्या मुलीच्या गावात घातली ना?"

घातली. मुलगी एडिंबरोला असते, आणि गेल्या उन्हाळ्यात मी तिथल्या ट्रामने मनसोक्त फिरलो. विमानतळावरून थेट शहराच्या काळजातून समुद्रापर्यंत. डब्यात बसलं की वाटतं, हे किती सोपं आहे! बाहेर किल्ला, बाग, आणि आपण लोण्यातून सुरी जावी तसे जातोय. मग जावई म्हणाला, "बाबा, ही बांधताना लोक रडकुंडीला आले होते," आणि मी चार दिवस दुसरं काही वाचलं नाही.

तिथली जुनी ट्राम १९५६ मध्ये बंद झाली होती. नवीचं मुख्य काम २००८ मध्ये सुरू झालं. अंदाज होता साडेचौपन्न कोटी पौंडांचा. धावली २०१४ च्या मे अखेरीस, खर्च झाला सत्याहत्तर कोटी साठ लाख, आणि तेवढ्यात मिळाला विमानतळ ते शहराचा मध्य असा चौदा किलोमीटरचा तुकडा. बंदराकडचा भाग राहूनच गेला. तो पुढे २०२३ च्या जूनमध्ये झाला. हे असं का झालं, याची न्यायाधीशांमार्फत चौकशी बसली, तिचा अहवाल यायलाही नऊ वर्षं लागली. भांडणं ठेकेदारांची होती, नगरपालिकेची होती, करारातल्या कलमांची होती. पण भांडणाच्या मुळाशी एक गोष्ट माझ्या खात्यातली होती, ती म्हणजे रस्त्याखालचे पाइप. नकाशात होते तिथे नव्हते, नव्हते तिथे निघाले, आणि हलवायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले.

काकांनी विचारलं, "पण पाइप हलवायचेच कशाला? रूळ वर, पाइप खाली. कोण कुणाच्या अध्यात ना मध्यात."

इथे मला सूर सापडला. ट्रामचे रूळ काँक्रीटच्या लांब लादीत बसवलेले असतात. ती लादी एकदा पडली की खालची लाईन फुटल्यावर खणणार कुठून? आणि खणायचं तर तेवढे दिवस सगळी ट्राम उभी. बस वळवता येते, ट्राम वळत नाही. म्हणून रुळाच्या पट्ट्यातलं सगळं आधीच बाहेर काढायचं. दुसरी गंमत विजेची. ट्राम वरच्या तारेतून साधारण साडेसातशे व्होल्टचा डीसी प्रवाह घेते आणि रुळांवाटे परत पाठवते. त्यातला थोडा वाट चुकून जमिनीत उतरतो, जवळ बिडाचा पाइप मिळाला तर त्यातून फिरतो, आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाइपला भोकं पाडतो. खाऱ्या ओल्या मातीत तर विचारूच नका.

बंदराकडचा तुकडा करताना लीथमधल्या चर्चजवळच्या रस्त्यात खणलं, तर साडेतीनशेहून अधिक सांगाडे निघाले. काही सहा-सातशे वर्षांपूर्वीचे. कधीकाळी दफनभूमी होती, तिच्यावरून रस्ता गेला, लोक विसरले. पुरातत्त्ववाल्यांनी ब्रशने एकेक साफ करून उचलले, मगच रूळ. हे ऐकून मावशींनी हात जोडले आणि आमच्या पानात आणखी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी काकांनी टोपी घातली. "चला इंजिनियर, आपण लाइन आखू." खिशात माझा मेजरिंग टेप असतोच. (ही घरीच थांबली. शहाणी.)

कदंब स्टँडपासून पाटोच्या पुलापर्यंत फारशी अडचण नाही. पूल ओलांडला की डावीकडे खाडीकाठचा रस्ता, रुआ द औरें. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं. इथे एक रूळ जाईल, काका खूश. पण फोंताइन्यशच्या जुन्या वस्तीत आत शिरलो आणि टेप काढला. एका गल्लीत भिंतीपासून भिंत चार मीटर वीस. एडिंबरोची ट्राम दोन मीटर पासष्ट रुंद आणि बेचाळीस मीटरहून लांब. म्हणजे डबा कसाबसा आत गेला तर दोन्ही बाजूंच्या आज्यांनी दार उघडायचं नाही. वळणाचं तर नावच नको. अशा लांब गाडीला साधारण पंचवीस मीटर त्रिज्येचं वळण लागतं, आणि इथल्या कोपऱ्यावर स्कूटरवालाही पाय टेकतो.

"लिस्बनला कसं जमतं मग?" काकांनी हुकमी पान टाकलं. बरोबर आहे, लिस्बनची अठ्ठावीस नंबरची ट्राम अशाच गल्ल्यांतून जाते. पण ती एका डब्याची, बुटकी, तिचे रूळ नऊशे मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षाही अरुंद. आणि अगदी चिंचोळ्या जागी एकच रूळ ठेवून सिग्नलवर एकेकीला सोडतात. ती शंभर वर्षांमागे घातली तेव्हा खाली केबल नव्हत्या, वर वातानुकूलन यंत्रं लटकत नव्हती. आज तीच नव्याने घालायला निघा म्हणावं.

शेवटी काकांनीच गल्ल्या सोडून दिल्या आणि लाइन नदीकाठच्या बांदोडकर मार्गावर नेली. तो रस्ता ऐसपैस आहे. कला अकादमी मागे टाकत मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या समाधीशी पोचलो तेव्हा माझे पाय बोलायला लागले होते. काका मात्र वाळूवर काठीने टर्मिनस काढत होते. त्यांचा स्टॉप समाधीच्या बाजूलाच. "भाऊ असते तर झाली असती," म्हणाले. माझ्या मते भाऊसाहेबांनीही आधी पाइप कुठे आहेत ते विचारलं असतं, पण मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी मडगाव. कदंबच्या शटलने गेलो. मडगावला जाण्याचं कारण स्कायबस. कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बी. राजाराम यांच्या डोक्यातली कल्पना: रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर रूळ, आणि रुळांना खालून लटकलेले डबे. रस्ता रस्त्याच्या जागी, गाडी हवेत. जुन्या शहरात पाडापाडी नको म्हणून हे सगळं. स्टेशनजवळ एक किलोमीटर सहाशे मीटरचा चाचणीमार्ग उभा राहिला. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी गेला, काही जखमी झाले. मग गाडी थांबली ती थांबलीच. खांब मात्र वर्षानुवर्षं उभे. २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला, सांगाडा उतरवला.

आम्ही खुणा शोधत हिंडलो. काका एका जागी थांबून "इथेच" म्हणायचे, मग पन्नास पावलांवर परत "नाही, इथे". चहावाल्याला विचारलं तर त्याने आकाशाकडे बोट केलं. "वर होतं. आता नाही." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्या कल्पनेचा मोह अजूनही कळतो. जमिनीखालच्या भानगडीत न पडता शहर ओलांडता आलं तर कुणाला नको आहे? पण खांबालाही पाया लागतो, आणि पाया खालीच जातो.

परतायच्या दिवशी सकाळी मावशींच्या नळाला पाणी नाही. खाली आरडाओरडा. आमच्या दारातला चर आदल्या रात्री बुजवून वर पेव्हर बसवले होते, आणि आता पेव्हरच्या फटींतून ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं स्वच्छ पाणी बुडबुडत होतं. पोदेरची सायकल पाण्यात. चंदगडचा पोरगा फोनवर कुणाला तरी "व्हॉल्व्ह कुठे आहे, व्हॉल्व्ह" विचारत होता. ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्ह होता, गल्लीच्या टोकाला. तिथे खणलं तर नुसती माती.

मी एक पहार मागितली. टोक जमिनीवर, दुसरं टोक कानाला. आमच्याकडे गळती अशीच शोधायचे. सळसळ नीट ऐकू येत होती, फुटलेली जागा अंदाजाने सांगितली. पण पाणी बंद केल्याशिवाय तिथे हात घालून उपयोग नव्हता.

काका बाल्कांवातून बघत होते. म्हणाले, "आमची मुलं क्रिकेट खेळायची तेव्हा बोलिंग एका लोखंडी झाकणावरून करायची. स्टंप शेजाऱ्यांच्या पायरीला, झाकण त्यांच्या फणसासमोर." फणस कधीचा तोडलेला. काका पायऱ्या उतरले, शेजाऱ्यांच्या पायरीपासून पावलं मोजत गेले, अठरा झाल्यावर थांबले आणि चप्पल आपटली.

चार पेव्हर उचलले. एक वीत खाली झाकण होतं. चावी लावून फिरवायला दोघं लागले, आधी हलेना, मग कुरकुरत एकेक आटा. मी मोजत होतो. चौदाव्याला बुडबुडे मंदावले, सतराव्याला बंद.

पोराने झाकणाचा फोटो काढला, मग काकांचा. मग जरा घुटमळून म्हणाला, "काका, आमचं काम अजून वरच्या आळीपर्यंत जायचंय. तुम्ही येता का जरा बरोबर?"

आमची बस अकराची होती. निघालो तेव्हा काका गल्लीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर पोराचा मोबाइल, आणि मावशी वरून ओरडत होत्या, "अहो, टोपी तरी घाला!"